पाठमोरा पंच

बॉक्सिंगच्या रिंगमध्ये माणसं तीन असतात आणि फोटोत दोनच येतात. तिसरा मी. कळमनुरीच्या एका शाळेत मी खेळाचा मास्तर होतो आणि सुट्टीच्या दिवशी जिल्ह्यात जिथं बोलावतील तिथं बॉक्सिंगचा पंच. पेपरात कधी फोटो आला की बायको तो उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, "ही पाठ तुमचीच हाय. कॉलर मी उलटवल्याली हाय त्या शर्टाची." आमच्या घरी माझ्या पाठीचे भरपूर फोटो आहेत. चेहऱ्याचा लग्नातला एक.

लोकांना वाटतं पंच म्हणजे खाली पडलेल्यावर एक-दोन-तीन म्हणणारा माणूस. तसं माझं काम तीन शब्दांचंच. 'बॉक्स' म्हटलं की लढायचं, 'ब्रेक' म्हटलं की गळ्यात पडलेल्यांनी सुटून मागं सरायचं, 'स्टॉप' म्हटलं की थांबायचं. या तीन शब्दांवर उभी हयात गेली. कुणी किती ठोसे मारले हे बघायला रिंगबाहेर गुण देणारे बसलेले असतात. मी बघायचं ते खाणाऱ्याकडे. त्यातही तोंडाकडे नाही, पायांकडे. तोंड हसत राहतं हो, पण डोक्याला मार बसला की पाय आधी कबूल करतात.

जोराचा ठोसा बसला की मी लढत थांबवतो, आठपर्यंत मोजतो, मग त्या पोराचे दोन्ही ग्लोव्ह्ज माझ्या हातात घेतो, माझ्या शर्टाला पुसतो आणि त्याच्या डोळ्यांत बघतो. पुस्तकात एवढंच आहे. त्यात मी माझं एक घातलं होतं. ग्लोव्ह्ज धरले की विचारायचो, "गाव कोणतं? एसटीचा त्याच्या आधीचा थांबा कोणता?" गावाचं नाव माणूस झोपेतही सांगतो. आधीचा थांबा सांगायचा तर डोकं ठिकाणावर लागतं. उत्तर बरोबर आलं की 'बॉक्स'. नाही आलं की दोन्ही हात हलवून लढत बंद. एकदा बाहेरून आलेल्या एका निरीक्षकांनी विचारलं, हे कुठल्या नियमात आहे? मी म्हटलं, महामंडळाच्या. ते हसले नाहीत.

एका पोरानं मात्र मला अडकवलं. ग्लोव्ह्ज धरून विचारलं तर म्हणतो, "सर, आमच्या गावाला एसटी येतच न्हाई. किती येळा अर्ज दिले." समोरच्याच्या माणसांनी कालवा केला की उत्तर आलं नाही, लढत बंद करा. मी 'बॉक्स' म्हटलं. ज्याला गावाची तक्रार आठवते त्याचं डोकं शाबूत आहे.

जिल्ह्यात आमची पक्की रिंग कधी झाली नाही, ही खंत आहे ती आहे. मंडपवाला फळ्या जोडून चौथरा करायचा, त्यावर काहीतरी मऊ, वर ताडपत्री, चार कोपऱ्यांना बल्ल्या आणि दोर. 'काहीतरी मऊ' म्हणजे काय, ते ज्या त्या गावाच्या मर्जीवर. हिंगोलीत एकदा मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, बारदान आणलं, रिकामी पोती दुमडून छान जाड बिछायत केली. पोती हळदीची होती हे कुणाला खटकलं नाही, कारण हिंगोलीत पोतं म्हणजे हळदीचंच. लढत सुरू झाली, पोरं नाचायला लागली आणि ताडपत्रीच्या शिवणीतून हळद वर यायला लागली. दुसऱ्या फेरीला दोघंही गुडघ्यापर्यंत पिवळे. एक जण पडला तो उठला नवरदेव होऊन. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, अक्षदा आणू का?" माझा तो शर्ट नंतर कधी पांढरा झाला नाही.

असो. मी निवृत्त झालो आणि जिल्ह्यात बॉक्सिंग एकदाचं लोकप्रिय झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं मी धरून चालतो. पूर्वी शिकलेली पोरं लढायची तेव्हा रस्त्यावरच्या लोकांना हाका मारून बसवावं लागायचं. आता लढतात ते रीलवाले, हळदीची गाणी म्हणणारे, नगरसेवक होऊ घातलेले. त्याला सेलिब्रिटी बॉक्सिंग म्हणतात. मैदान मावत नाही. हे भरवणारे गजूभाऊ, मोबाईलचं आणि बॅनर छपाईचं दुकान असलेला मोठा उत्साही माणूस. पंच म्हणून त्यांना ओळखीचा मीच सापडलो.

त्यांच्या पहिल्याच कार्यक्रमात दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटाच्या विश्रांतीत त्यांनी पाहुण्यांचा सत्कार ठेवला. आमच्याकडे एकाचा सत्कार केला की शेजारच्याचा करावाच लागतो, नाहीतर तो निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतो. शाल, नारळ, फेटा, दोन शब्द. फेटा बांधणारा कुठंतरी गेला होता, त्याला माईकवरून पुकारलं. दोन्ही बॉक्सर एका बाकावर बसून राहिले. ग्लोव्ह्जमुळे त्यांना कप धरता येईना, म्हणून त्यांच्या माणसांनी त्यांना बशीनं चहा पाजला. सत्कार संपले तोवर दोघांची चांगली ओळख झाली होती, कुठलंतरी लांबचं नातंही निघालं होतं. पुढची फेरी त्यांनी एकमेकांना लागू नये अशी काळजी घेऊन काढली. लोकांनी शिव्या दिल्या त्या मला.

आता अविनाशचं सांगतो. बाकी सगळं त्याच्याचसाठी लिहिलं आहे म्हणा ना.

अविनाश कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा पोरगा. त्याचे रील्स आमच्या भागात लेकराबाळांना पाठ. आई हाक मारते, हा बाजेवर पडलेला. बैल अंगावर येतो, हा वाटेत बसलेला. सरपंच येतो, पाऊस येतो, काही येवो, हा हात वर करून म्हणणार, "आपुन हलत नसतो!" एवढंच. पण ते तो असं म्हणायचा की मलाही हसू यायचं. दारुड्याचं सोंग तर इतकं हुबेहूब की त्याची आत्या खरंच रडली होती म्हणे. रील्सवर त्याचं घर चालत होतं आणि बहिणीचं शिक्षणही.

त्याची लढत हिंगोलीच्या मैदानावर ठेवली, हळदीची गाणी म्हणणाऱ्या एका गायकाशी. आदल्या दिवशी गजूभाऊ घरी आले. "सर, तुमच्यापासून काय लपवायचं, समदं ठरल्यालं हाय. तिसऱ्या फेरीत आपला अविनाश पडनार, उठनार, डायलॉग मारनार, आन् लढत बराबरीत. लोकायची करमणूक."

मी म्हटलं, "तुमचं ठरलेलं तुम्ही बघा. थांबवायचं ते माझ्याकडे."

"थांबवायची येळच येनार न्हाई, सर."

हेडगार्ड मी हट्टानं दोघांना घालायला लावलं. लोकांचा समज असा की हेडगार्ड असलं की डोक्याला काही होत नाही. कातडी फुटत नाही एवढंच, आतलं हलायचं ते हलतंच. आणि एक गोष्ट गजूभाऊंच्या ध्यानात नव्हती. तो गायक गाण्याच्या आधी मोंढ्यात पोती उचलायचा. डीजे वाजायला लागला, माणसं ओरडायला लागली, तसं ठरलेलं त्याच्या डोक्यातून निघून गेलं. पहिली फेरी संपता संपता त्याचा उजवा हात अविनाशच्या कानाच्या वर असा बसला की मला आवाज ऐकू आला. अविनाश हसला. तेवढ्यात घंटा झाली.

दुसऱ्या फेरीत त्याचे हात खाली आले. पाय एकमेकांना विचारत चालल्यासारखे. मी आयुष्यभर पाय वाचले, पण नटाचे पाय कधी वाचले नव्हते. हा तर झोकांड्या खाण्यावर भाकरी मिळवणारा माणूस. बघतोय तोवर तो पडला. ठोसा लागून नाही, आपोआप. लोक उठून नाचायला लागले. मी मोजलं. पाचाला तो गुडघ्यावर आला, सातला उभा राहिला. मी त्याचे ग्लोव्ह्ज धरले, शर्टाला पुसले आणि त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, "गाव कोणतं? आधीचा थांबा कोणता?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, हात सोडवून वर केला आणि ओरडला, "आपुन हलत नसतो!"

सगळं मैदान त्याच्याबरोबर ओरडलं. मला भीती वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. हे सोंग आहे की खरं, मला कळत नव्हतं, आणि विचार करायला वेळ नव्हता. मी हात हलवून लढत थांबवली.

मग काय, बाटल्या, चपला, एक खुर्चीसुद्धा. गजूभाऊ रिंगमध्ये चढले. "सर, काय केलं हे? तिसऱ्यात पडायचं त्ये त्यो दुसऱ्यात पडला, येवढंच. कलाकार हाय, चुकतंय!" डॉक्टरांनी अविनाशच्या डोळ्यांत बॅटरी मारली, आराम कर आणि डोक्याचा फोटो काढून घे म्हणाले. तो उद्या काढतो म्हणाला. मी गजूभाऊंना स्वच्छ सांगितलं, "डोक्यावरून थांबवलेल्या माणसाला पुढचे काही महिने रिंगमध्ये उतरवायचं नाही. हा माझा नियम नाही, सगळीकडचा आहे." ते "व्हय सर, व्हय सर" म्हणाले आणि थोड्याच दिवसांत अविनाशची पुढची लढत छापून आली. मोठ्या शहरात, आणि समोर जिममध्ये शिकवणारा खराखुरा तयारीचा गडी.

अविनाशनं माझ्यावर रील काढलं. पांढरा शर्ट घालून दोन म्हशींच्या मध्ये उभा राहतो आणि "स्टॉप, स्टॉप" करत बोटं मोजतो. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. कळमनुरीच्या बाजारात मी भाजी घ्यायला गेलो की मागून लेकरं मोजायची, "एक! दोन! तीन!" भाजीवाली म्हणाली, "सर, आठ व्हायच्या आधी घ्या, भेंडी संपून राहिली." बायकोनं बाजाराची पिशवी माझ्याकडून काढून घेतली. मला रागापेक्षा दुसरंच खात होतं. मी थांबवलं ते बरोबर होतं का, हे मलाच ठाऊक नव्हतं. पोराची मोठी संधी मी एका एसटी थांब्यापायी घालवली असेल तर?

अशात रेणुकाचा फोन आला. रेणुका माझीच विद्यार्थिनी. शाळेत असताना वर्षभर बॉक्सिंग खेळली, नाक फुटल्यावर कॉम्प्युटरकडे वळली. वारंगा फाट्यावर तिच्या वडिलांचं टायरचं दुकान आहे, वरच्या खोलीत तिचा कारभार. गजूभाऊंनी तिला मोबाईलवरचा बॉक्सिंगचा गेम करायला सांगितला होता. अविनाश आणि तो गायक, हिंगोलीचं मैदान, सगळं तसंच. शहरातल्या लढतीच्या आधी तो बाहेर काढायचा होता. "सर, पंचाचा आवाज तुमचाच पायजे. या ना," ती म्हणाली. मी गेलो. रिकामाच होतो.

गेम एआयकडून करून घेतात म्हणजे काय, ते तिनं मला दाखवलं. हिला काय हवं ते ही लिहून सांगते आणि तो चित्रं काढतो, माणसं हलवतो, आतलं गणित मांडतो. मला तो गुत्तेदारासारखा वाटला. बांधकाम झपाट्यानं करतो, पण त्यानं आपला प्लॉट बघितलेला नसतो. मराठवाड्यातलं मैदान म्हटल्यावर त्यानं आधी उंट उभे केले. "कितीदा काढायला सांगितले, एक तरी मागं राहूनच जातो," रेणुका म्हणाली. थकलेला बॉक्सर म्हटलं तर रडणारा दिला. पंच म्हटलं तर कोपऱ्यात उभा राहून टाळ्या वाजवणारा एक गोरापान गृहस्थ. मी म्हटलं, "हा पाहुणा असेल, सत्काराची वाट बघून राहिला."

तेवढ्यात जिन्यावरून अविनाश आला. तिनं त्यालाही बोलावलं होतं, मला न सांगता. मला बघून तो दारातच थबकला, मग पुढं येऊन पाया पडला. "सर, त्या रीलचं मनावर घेऊ नका. आमचा धंदाच तसा हाय."

"म्हशी कुणाच्या होत्या रे?"

"मामाच्या," तो म्हणाला आणि हसला. बरा पोरगा. राग धरावा असा नव्हताच.

रेणुकाची अडचण अशी होती. गेम खेळणाऱ्याला सगळं अविनाशच्या डोळ्यांतून दिसणार. एआयला दाखवायला तिच्याकडे त्या लढतीचा व्हिडिओ होता, पण तो एकाच बाजूनं घेतलेला. "म्हून मला तुझ्या तोंडून ऐकायचंय," ती अविनाशला म्हणाली. "तुला काय काय दिसलं, ते पयल्यापासून सांग."

पहिली फेरी त्यानं रंगवून सांगितली. माउथगार्ड घशाला टोचत होतं. गायकाच्या अंगाला अत्तराचा इतका वास येत होता की मळमळलं. एका पायाची लेस सुटली होती आणि सगळं लक्ष तिच्यावर. व्हिडिओत यातलं काही नाही. ऐकताना मजा येत होती, रेणुका भराभर टाईप करत होती.

"मग दुसऱ्या फेरीत मी डाव्या अंगावर पडलो," तो म्हणाला. "सरांनी मोजलं. मी उठलो. डायलॉग मारला. सरांनी हात हलवले. पब्लिक पेटली."

"थांब थांब," रेणुका म्हणाली. "उठलास तवा सरांचं तोंड कसं होतं? रागात होते का काळजीत? व्हिडिओत नुस्ती पाठ हाय. एआयला मी तोंड कुठून देऊ?"

"तोंड कसं दिसंल? सर पाठमोरेच होते ना."

रेणुकाची बोटं थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. शिकलेली पोरगी ती, वर्षभर माझ्या हाताखाली मार खाल्लेली. पंच ग्लोव्ह्ज धरतो तेव्हा कुठं उभा असतो, हे तिला सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "अविनाश, मी पाठमोरा कॅमेऱ्याला होतो. तुझ्या समोर होतो मी."

"मस्करी करून राहिले का सर?"

मी उठलो, त्याच्या पुढ्यात उभा राहिलो, त्याच्या दोन्ही मुठी हातात घेतल्या आणि माझ्या शर्टाला पुसल्या, त्या दिवशी पुसल्या होत्या तशा. "असा. एवढ्या जवळ. तुझ्याशी बोललोसुद्धा."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ओळखीचं काही सापडतंय का ते शोधत होता बिचारा. खाली दुकानात कुणीतरी टायर आपटला तसा तो दचकला.

"काय बोलले तुमी मला?"

"तूच सांग."

"व्हिडिओत डीजे हाय, सर," तो हळूच म्हणाला. "ऐकू येत न्हाई."

मग त्याच्या तोंडून एकेक निघालं. पहिल्या फेरीच्या घंटेपर्यंतचं आठवतं आणि मग थेट लढतीनंतर ड्रेसिंग रूममध्ये पाणी पितानाचं, मधलं त्यानं इतक्यांदा मोबाईलवर बघितलं की तेच त्याचं होऊन बसलं. सकाळी उजेड डोळ्यांना खुपतो. शूटिंगला वाक्यं विसरतात, तो म्हणे मोबाईलमुळं. डोक्याचा फोटो काढलाच नव्हता. गजूभाऊ म्हणाले होते, फोटोत काही निघालं तर शहरवाले माघार घेतील. आणि शहरातली लढत चारच दिवसांवर होती.

इतके दिवस मला जी खात्री हवी होती ती मिळाली, आणि मला बिलकुल बरं वाटलं नाही. पोराचा चेहरा पांढरा पडला होता. वाटलं, खरंच सोंग असतं तर किती चांगलं झालं असतं. लेकरांनी मला बाजारात मोजलं असतं आयुष्यभर, काय बिघडत होतं?

"पन काय इचारलं होतं, सर?" त्यानं पुन्हा म्हटलं. "मी काय जवाब देला?"

"जवाब सगळ्या जिल्ह्यानं ऐकला," मी म्हटलं. "प्रश्न असा होता. गाव कोणतं? आणि एसटीचा त्याच्या आधीचा थांबा कोणता?"

त्याच्या मुठी अजून माझ्या हातातच होत्या. तो शाळेत उभं केल्यासारखा म्हणाला, "चिंचतांडा. त्याच्या आधी बाभळी फाटा. तिथं पानी मिळत न्हाई, म्हून माय दरवेळी बाटली भरून देती."

बरोबर उत्तर आलं की 'बॉक्स' म्हणायचं, ही माझी उभ्या जन्माची सवय. त्या दिवशी मी म्हटलं नाही. नुसत्या मुठी सोडल्या.

रेणुकानं लॅपटॉप हळूच मिटला. अविनाशनं खिशातून मोबाईल काढला, खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि गजूभाऊंना फोन लावला. त्याची पाठ आमच्याकडे होती. "भाऊ, शहरातल्या लढतीला दुसरं कोनी बघा. मी आधी डोक्याचा फोटो काढनार हाय." पलीकडून आवाज चढला, आम्हाला इथवर ऐकू येत होता. अविनाशनं सगळं ऐकून घेतलं.

"काहून म्हंजे?" तो म्हणाला. "सर समोर होते, भाऊ. माझ्या समोर होते."

गजूभाऊंना त्यातलं काही कळलं नसणार.